स्टिअरिंग ऑइल गळतंय: बाटली ओतायची की सील बदलायचं?

दाजींची जुनी हायड्रॉलिक स्टिअरिंगची, म्हणजे ऑइलच्या दाबानं स्टिअरिंग हलकं करणारी गाडी. सकाळी फरशीवर लालसर डाग, वळवताना बोनेटखालून घुंईऽऽ आवाज. त्यांचा प्रश्न सरळ होता: दुकानातली लीक-स्टॉपची बाटली ओतू, का गॅरेजला लावू?

आधी गळतंय कुठून ते बघा. पुठ्ठा अंथरून, इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला लावा. बाटलीतलं रसायन ऑइल अडवणारे रबरी सील मऊ करून फुगवतं, बस्स. फाटलेला होज (रबरी नळी), गंजलेला पाइप किंवा ढिला क्लॅम्प (नळी आवळणारी पट्टी) त्यानं बरा होत नाही, मग बाटलीवर काहीही छापलेलं असो. क्लॅम्प तर पान्याच्या दोन पिळांचं काम!

खर्चात बाटली काही शेकड्यांत भागते. ऑइल टाकीत परत नेणारा रिटर्न होजही फार महाग नाही, पंपातून दाबाचं ऑइल नेणारा प्रेशर होज महाग. रॅकचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या यंत्रणेचे सील मात्र खिशाला लागतात, कारण रॅक खाली उतरवावा लागतो.

टिकायचं म्हणाल तर सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो, त्यात इंजिनची धग. कडक झालेलं रबर बाटलीनं किती दिवस तग धरणार? होज बदलल्यावर मात्र हवा काढून घ्या, आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच.

गाडी विकायचीय, सील नुसतं पाझरतंय, तर बाटली चालेल. दर गुरुवारी अक्कलकोट करणाऱ्या दाजींना मी गॅरेजच सांगितलं. स्टिअरिंग ऑइलची टाकी कोरडी पडली तर पंपही जातो, आणि हे ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर पेटूही शकतं.