फ्रिजवरचा आठवड्याच्या जेवणाचा फळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून ३४९ रुपयांना हा चुंबकी फळा आणला, त्याला चार महिने झाले. सोमवार ते रविवार सात चौकोन, उजवीकडे सामानाची यादी, सोबत दोन मार्कर.

मला त्याचा खरा उपयोग होतो तो भिजवणाच्या आठवणीसाठी. मटकीला चांगले मोड हवेत तर दीड दिवस आधी भिजवायला लागते, शेव-उसळीचे वाटाणे रात्रभर. म्हणून प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत लिहिते, ‘उद्यासाठी वाटाणे’. आता रात्री सासूबाईच विचारतात, “अगं, लाल काय लिहिलंयस आज?” आणि डबा काढून स्वतः भिजत घालतात. केवढं सुख आहे ते! शनिवारी यादीचा फोटो काढून खंडेराव मार्केटला जाते. तिथली कोवळी पापडी बघून दोन दिवसांचा बेत हमखास बदलतो, आणि बदलावाच.

तक्रार मार्करची. एक तिसऱ्याच आठवड्यात सुकला. आठवडाभर राहिलेलं लिखाण ओल्या फडक्याने जात नाही. त्यावरच पुन्हा मार्कर फिरवून लगेच पुसलं की निघतं. फळ्यावर फोडणीचा तेलकट थर बसला की शाई उमटत नाही, तेव्हा गॅसपासून लांब लावा. फ्रिजचं दार काचेचं असेल तर घेऊच नका, चुंबक धरत नाही.

चौकोन मोठे हवे होते. मुलाचा डबा, आमचं जेवण आणि सासऱ्यांचं कमी मिठाचं, तिन्ही मावत नाही. तरी बहिणीसाठी दुसरा घेतलाय.