तयार नॅस की स्वतः जुळवलेला? नागपूरच्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांचे फोटो-फाइली ठेवायला नेटवर्कला जोडलेलं डिस्कचं मशीन. आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत. त्रिमूर्तीनगरला दादाकडे सिनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कचा तयार डबा, आणि माझ्याकडे एन१०० प्रोसेसरच्या बोर्डावर जुळवलेलं मशीन, त्यावर ओपनमीडियावॉल्ट ही नॅससाठीची मोफत सिस्टिम. दोन्हीकडे ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर करून लावल्यात, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहून झाला, म्हणून आता लिहितो.

लोक आधी किंमत विचारतात. मी आधी मे महिन्याबद्दल विचारेन. सिनॉलॉजी या डब्यांसाठी खोलीच्या तापमानाची मर्यादा ४० अंश देते. नवतपात आपल्याकडे बाहेर ४५ असतं, आणि दुपारी बंद खोलीत काय होतं ते सांगायला नको. दादाचा डबा टीव्ही युनिटच्या कप्प्यात राउटरला खेटून होता, हवा खेचायला मागे एकच छोटा पंखा. दुपारी डिस्क ५२ अंश दाखवायच्या. तोच डबा उघड्या फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला आणि आकडा ४७ वर आला. माझ्या कॅबिनेटमध्ये १२० मिमीचे दोन पंखे थेट डिस्कवर वारा सोडतात. त्याच दिवसांत डिस्क ४३-४४ च्या वर गेल्या नाहीत. फक्त कुलरच्या झोतासमोर काहीही ठेवू नका, त्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात.

लाईन जाते तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका. तो चालू होईपर्यंतच्या क्षणात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. यूएसबी केबलने जोडता येईल असा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी उतरली की मशीन स्वतःच नीट बंद होतं. दोन्ही प्रकारांत ही सोय आहे.

जुळवलेल्यात मजा आहे हे खरं. इम्मिच या ॲपवर फोटो, जेलीफिनवर सिनेमे, आणि व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं काम एन१०० हसत करतो. पण अशा बऱ्याच बोर्डांवर डिस्क जोडायचे साटा पोर्ट दोनच असतात, आधी मोजून घ्या. बाकी सामान सीताबर्डीत मिळालं, बोर्ड ऑनलाइन मागवावा लागला. डिस्क सीएमआर प्रकारच्याच घ्या; एसएमआर प्रकारात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे लिहिणं मंदावतं. डब्ल्यूडीच्या काही रेड डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं.

आणि देखभाल माझीच. अपडेट, कंटेनर (ॲप ज्यात वेगवेगळी चालतात ती पाकिटं), डिस्क बिघडल्याचा इशारा देणारे ईमेल, सगळं मी बसवलं. दादाच्या डब्याला मात्र मी हात लावत नाही. वहिनी फोनवरून फोटो चढवतात, दादा अपडेटचं बटण दाबतो, झालं. घरात असं काम करणारं कोणी नसेल तर तयारच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. एक गोष्ट मात्र खुपते: २०२५ च्या प्लस मॉडेलांवर सिनॉलॉजीने ठरावीक डिस्कचीच अट घातली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ (या डब्यांची सिस्टिम) सोबत ती सैल केली, पण आपल्या घरातल्या मशीनबद्दल असा निर्णय दुसऱ्याच्या हातात राहतो.

मिररला बॅकअप समजू नका. डिलीट झालेला फोटो दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. म्हणून सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप ॲपमधून दादाचा बॅकअप रोज रात्री टेलस्केलवरून, म्हणजे दोन घरं जोडणाऱ्या खासगी नेटवर्कवरून, माझ्या मशीनवर येतो. पहिली पूर्ण प्रत नेटवरून पाठवत बसू नका. आम्ही डबाच माझ्याकडे आणला आणि राउटरला केबल जोडली. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो. त्यानंतर रात्री फक्त नवे फोटो जातात.