दिवेआगर की गणपतीपुळे? आजी-आजोबा आणि लेकरं गाडीत असताना

लातूर, नांदेड, धाराशिवकडून घरची गाडी घेऊन समुद्राला निघायचं तर दोनच वाटांचा विचार होतो. एक बार्शी-टेंभुर्णीवरून पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव आणि पुढे दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर. दुसरी तुळजापूर-सोलापूरवरून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट आणि गणपतीपुळे-रत्नागिरी. मालवण-तारकर्लीचं पाणी देखणं आहे, पण त्यासाठी आणखी एक दिवस लागतो. सुट्टी पाच दिवसांची असेल तर तो विचार सोडून द्यावा.

अंतरात दोन्ही वाटा जवळपास सारख्या. लातूरहून पुणे सुमारे ३३० किलोमीटर, तिथून दिवेआगर १६०. लातूरहून कोल्हापूर ३५०च्या आसपास, तिथून गणपतीपुळे १४५. पहिल्या दिवसाचा मुक्काम दोन्हीकडे ठरलेलाच आहे, पुण्यात किंवा कोल्हापुरात. सत्तरीचे आजोबा आणि चार वर्षांचं लेकरू सोबत असताना एका दमात जाण्याचा हट्ट कुणी करू नये. कौल किलोमीटरवर लागत नाही, दुसऱ्या दिवसाच्या रस्त्यावर लागतो.

आधी समुद्राचं बोलू, कारण तिथे दिवेआगर सरळ पुढे आहे. किनारा लांब आणि सपाट, मागे सुरूची सावली, गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांमधलं. घरगुती मुक्काम बहुतेक बैठ्या घरांत, म्हणजे आजीला जिना नाही. लेकरांना वाळूत सोडून मोठ्यांनी सुरूखाली चटई टाकावी, असा किनारा. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सुंदर, पण पाण्याला ओढ आहे आणि तळ लवकर खोल होतो. तिथे पोहणाऱ्यांचा जीव गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. लेकरांना घोट्याच्या वर पाण्यात नेऊ नये, तेही मोठ्या माणसाने हात धरूनच. लाटांत खेळायलाच जायचं असेल तर दिवेआगर घ्यावं, एवढं मोकळेपणाने सांगायला हवं.

तरीही माझं मत गणपतीपुळ्याकडे झुकतं, ते ताम्हिणीमुळे.

ताम्हिणी पावसाळ्यात बघण्यासारखा आहे, त्यात वाद नाही. अडचण त्याच्या लांबीची आहे. पौड सोडलं की वळणं सुरू होतात. आधी मुळशी धरणाच्या कडेकडेने, मग प्रत्यक्ष घाटात. विळे-निजामपूरपर्यंत रस्ता असा सलग सरळ मिळतच नाही. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण तो समोर बघत असतो. लेकरू मागच्या सीटवर असतं, त्याच्या डोळ्यांपुढे पुढच्या सीटची पाठ असते. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानातला तोल सांगतो आपण हलतोय. दोघांचं जुळलं नाही की मळमळ होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यांत जास्त, आणि हातात मोबाइल असला की आणखी वाढतो. त्यात सात जणांच्या गाडीत लेकरांना नेहमी तिसऱ्या रांगेत ढकललं जातं. ती रांग मागच्या चाकांवर येते, तिथे प्रत्येक वळणाचा हिसका जास्त बसतो. एकाने उलटी केली की वासाने दुसऱ्यालाही होते. मग गाडी थांबवायची तर कडेला जागा नाही, पाणी संपलेलं, एसी लावूनही वास जात नाही आणि अजून निम्मा घाट बाकी.

आंबा घाट याला अपवाद आहे असं नाही, वळणं तिथेही आहेत. पण कोल्हापूरहून बांबवडे, मलकापूर, आंबा गावापर्यंतचा रस्ता चढाचा असला तरी अंगावर येत नाही. खरी वळणं आंबा ते साखरपा, साधारण दहा-बारा किलोमीटरची. मळमळ वाढायच्या आत घाट उतरून झालेला असतो. हा फरक नकाशावर दिसत नाही, मागच्या सीटवर दिसतो.

दुसरी गोष्ट लघवीची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. सकाळी घेतली की पुढचे तीन-चार तास दर पाऊण तासाला जावं लागतं. आजोबा संकोचाने बोलत नाहीत. आजी तर पाणीच पीत नाही, म्हणजे दुपारी डोकं दुखणं आणि चक्कर आलीच. पौडच्या पुढे खाली विळ्यापर्यंत चहाच्या टपऱ्या भेटतात, पण बाईमाणसाला जाता येईल अशी स्वच्छ जागा फार कमी. कोल्हापूरच्या वाटेवर बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा अशी गावं पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतराने लागतात, आणि त्यांतल्या एखाद्या बऱ्या हॉटेलात सोय होते. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ पुढे-मागे करता येईल का, हे डॉक्टरांना निघण्याआधीच विचारावं. आपल्या मनाने गोळी चुकवू नये.

तिसरी गोष्ट खुद्द पुणे. सोलापूर रस्त्याने हडपसरला शिरून चांदणी चौकाकडून बाहेर पडायला गर्दीच्या वेळी किती वेळ जाईल, कुणी सांगू शकत नाही. ही वाट घ्यायचीच तर मुक्काम वारजे-बावधनच्या बाजूला करावा आणि सकाळी सातच्या आत शहर सोडावं. पुढे सुट्टीच्या दिवसांत माणगावची कोंडी आहेच. मुंबई-गोवा महामार्गाची सगळी रहदारी त्या एका गावातून जाते.

कोल्हापूरच्या वाटेलाही खोट आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणामुळे कोल्हापूरच्या पुढे काही टप्प्यांवर रस्ता वळवलेला सापडतो, आणि पावसात तिथे चिखल होतो. मुक्कामाच्या ठिकाणी त्या दिवसाची खबर घेऊन निघावं. गणपतीपुळ्यासाठी साखरपा-पाली-हातखंब्यावरून निवळी फाट्याला आत वळायचं. परतताना मात्र आरे-वारेच्या सागरी रस्त्याने रत्नागिरीला यावं. वरून दोन्ही किनारे दिसतात आणि आजोबांना गाडीतून न उतरताही समुद्र पोटभर बघता येतो. आरे-वारेच्या पाण्यात मात्र उतरू नये.

आपल्याकडच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि आजी-आजोबांच्या लेखी ती सगळ्यांत मोठी. या वाटेवर तुळजापूरची भवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई, साडेतीन पीठांपैकी दोन, रस्त्यातच भेटतात. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर आहे. समुद्राचं नाव काढल्यावर ‘तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो’ म्हणणारी माणसं देवीचं नाव निघताच बॅग भरतात. फक्त तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळावी. मंदिरात पायऱ्या उतरून जावं लागतं, गर्दीत गुडघ्यांची परीक्षा होते. पुण्याच्या वाटेने खोपोलीवरून गेल्यास महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर लागतात, तेही काही कमी नाही.

मिरजेतून जाताना आजोबांना एक आठवण लेकरांना सांगू द्यावी. २०१६च्या एप्रिलात लातूरला पाण्याची रेल्वे आली ती इथूनच. टँकरच्या रांगा पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी समोर अथांग पाणी दिसणार असतं, आणि त्यातलं एक घोटही पिता येणार नसतं.

गाडीत बसवायचं कसं, हे दोन्ही वाटांना लागू आहे. घाट सुरू होण्याआधी थांबून जागा बदलाव्यात. मळमळणारं लेकरू मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं. तिसऱ्या रांगेत धडधाकट माणूस. पुढच्या सीटवर मांडीत मूल घेऊन कुणीही बसू नये, एअरबॅग उघडली तर मुलाच्या जिवावर बेतेल. निघण्याआधी दूध, तेलकट पोहे, वडापाव नको. कोरडा धपाटा किंवा मूठभर लाह्या, तेही तासभर आधी. अगदी रिकाम्या पोटीही मळमळतं. मळमळीची गोळी द्यायची असेल तर घाटाच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, आणि मोठ्यांनाही मात्रा डॉक्टरांकडूनच घ्यावी. खिडकी बोटभर उघडी, दुहेरी पिशव्या, जुना टॉवेल, बाटलीभर वेगळं पाणी हाताशी. आजीसाठी आवळा सुपारी, सुंठेची गोळी.

चालवणाऱ्यासाठी एकच सांगणं. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहू नये, चढायला जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरावं. सात माणसं आणि टपावर सामान असताना ब्रेक लवकर तापतात, जळका वास आला की थांबून वीस मिनिटं गार होऊ द्यावेत, चाकावर पाणी ओतू नये. भरलेल्या गाडीसाठी टायरची हवा किती ठेवायची, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. मागच्या टायरचा आकडा बहुधा वेगळा असतो.

तारीख निवडताना भरती-ओहोटी बघावी, हे आपल्या कोरडवाहू मुलखातल्या माणसाच्या सहसा डोक्यात येत नाही. कोकणात जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ अंदाजे येते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती, आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास ओहोटी. अष्टमीला उलटं, संध्याकाळी सहाला पाणी वर. रोज सुमारे पन्नास मिनिटांनी वेळ पुढे सरकते. वृद्धांसाठी याचा अर्थ मोठा आहे. ओहोटीत उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर काठी टेकवत आरामात चालता येतं. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि रात्री गुडघे ठणकतात. म्हणून पौर्णिमेच्या अलीकडचे-पलीकडचे दोन दिवस चांगले. मात्र उधाणही त्याच दिवसांत मोठं असतं, तेव्हा भरतीच्या वेळी पाण्यापासून लांब. गणपतीपुळ्याला संकष्टीच्या आत परत फिरावं, अंगारकी असेल तर मंदिराकडे वाहन सरकत नाही.

गणपतीपुळ्यात मंदिर समुद्राला लागूनच आहे. डोंगराची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची, थोड्या चढ-उताराची. ऊन चढायच्या आत केली तर बहुतेक आजी-आजोबांना झेपते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र कपारीतून पायऱ्या उतरून खडकांवरून जाते, आणि भरतीत ती धोक्याची आहे. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून किल्ल्याच्या दारात पाय टाकावा लागतो, होडी हलत असताना. ज्येष्ठांनी काठावर बसायचं आणि लेकरांनी बघून यायचं, अशी ती ठिकाणं. रत्नागिरीत पर्याय सोपे आहेत. थिबा राजवाडा आहे, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, १९१०मध्ये वाडा बांधून झाला आणि १९१६मध्ये राजा इथेच वारला. मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, लेकरं तिथून हलत नाहीत. टिळकांचं जन्मघर आणि पावस गावचा स्वामी स्वरूपानंदांचा मठ आजोबांसाठी. दिवेआगरकडे जंगलजेटीची मजा आहे, बागमांडल्याहून वेश्वीला गाडीसकट खाडी ओलांडता येते. पण तीच मजा गणपतीपुळ्याहून वीसेक किलोमीटरवर जयगड-तवसाळ जेटीवर मिळते. गाडी काठावर ठेवून नुसतं जाऊन-येऊनही लेकरं खूश होतात.

खाण्याची एकच अडचण दोन्हीकडे सारखी आहे. तिकडे तांदूळ, नारळ, उकडीचे मोदक. दोन दिवस गोड लागतं, तिसऱ्या दिवशी आजोबा ज्वारीची भाकरी मागतात, आणि मधुमेह असेल तर दोन वेळचा भात सोसतही नाही. दोन किलो ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी सोबत न्यावी. घरगुती मुक्कामाच्या मावशींना आदल्या रात्री पीठ दिलं तर बहुतेक ठिकाणी त्या करून देतात. दह्यात भिजवलेले धपाटे मात्र दमट हवेत दुसऱ्या दिवशी चिकट होतात, ते नुसत्या पाण्यात भिजवून करावेत. खोली घेताना तळमजला, कमोड आणि बाथरूममध्ये धरायला काही आहे का, हे तीनही प्रश्न फोनवरच विचारावेत.

छत्रपती संभाजीनगर, जालन्याकडच्यांचं गणित वेगळं. संभाजीनगरहून पुण्यावरून दिवेआगर ४००च्या आसपास पडतं, जालन्याहून आणखी साठेक, आणि गणपतीपुळे खूपच लांब. त्यांनी दिवेआगरच घ्यावं, पण ताम्हिणी टाळून द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरावं आणि पाली-वाकणवरून माणगाव गाठावं. पन्नासेक किलोमीटर वाढतील, पण खंडाळ्याचा रुंद उतार लेकरांच्या पोटाला मानवतो. परभणी-हिंगोलीकरांनी लातूर धरून दक्षिणेकडे, म्हणजे कोल्हापूरच्या वाटेलाच यावं.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्यावी. खारी हवा आणि चाकांच्या कोपऱ्यात बसलेली ओली वाळू पत्रा खाते, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते कित्येक महिने लक्षातही येत नाही.