जुन्या पिकअपसाठी एलईडी तिसरा ब्रेक लाईट : घ्या, पण वायर कुठे जोडताय ते बघा

आधीच सांगतो, ज्यांच्याकडे १९९४ च्या आधीचा अमेरिकन पिकअप आहे त्यांनी ही एलईडी ब्रेक लाईटची पट्टी घ्याच. माझी १९८५ ची शेवी सी-१० आहे, ह्यूस्टनमध्ये चालवतो, मागच्या काचेच्या वर बाहेरून लावलीये. ५ पैकी ४ स्टार. एक स्टार कागदावरच्या सूचनांसाठी कापला, कारण त्या सूचना आपल्यासारख्या गाड्यांना चक्क चुकीच्या आहेत.

आता गरज काय, तर या गाड्यांना मागे पिवळा इंडिकेटर नसतो. दोन फिलामेंटवाला ११५७ बल्ब असतो, त्यातलं मंद फिलामेंट टेल लाईटचं आणि प्रखर फिलामेंट ब्रेकचं, इंडिकेटरचं आणि हॅझर्डचं (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते) पण, म्हणजे तीन कामं एकाच लाल दिव्यात. ब्रेकची वायर थेट मागे जात नाही, ती आधी स्टिअरिंग कॉलममधल्या टर्न सिग्नल स्विचमधून जाते आणि तिथून डावी-उजवी वाटली जाते.

यामुळे होतं काय की हॅझर्ड चालू असताना ब्रेक दाबला की दिवे लुकलुकायचे थांबतात आणि पेटून तसेच राहतात. पुढचे पण, कारण हॅझर्डने चारही कोपरे एकत्र जोडलेले असतात आणि ब्रेकचा करंट उलटा तिकडेही जातो. हा बिघाड नाहीये, काही लोक उगाच फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा छोटा भाग) बदलत बसतात. दोन पिनांचा फ्लॅशर एका बाजूने बॅटरीला आणि दुसऱ्या बाजूने दिव्यांना जोडलेला असतो, ब्रेक दाबला की दिव्यांच्या बाजूलाही १२ व्होल्ट येतात, दोन्हीकडे सारखंच व्होल्टेज मग फ्लॅशरमधून करंट जाणार कुठून, आणि करंट नाही म्हटल्यावर त्याच्या आतली धातूची पट्टी तापत नाही आणि तो थांबतो. काही जुन्या गाड्यांत उलटं असतं, हॅझर्ड लावला की ब्रेकची वायरच तोडली जाते, मग तुम्ही कितीही जोरात ब्रेक मारा, मागच्याला फक्त लुकलुकच दिसणार. मला विचाराल तर तो प्रकार जास्त वाईट.

पण आपलाही काही कमी धोक्याचा नाही. मागच्या ड्रायव्हरच्या जागी बसून विचार करा. पुढे लाल दिवे लुकलुकतायत, मिनिटाला साधारण ९० वेळा धरा, म्हणजे प्रत्येक वेळी दिवा सेकंदाच्या एक तृतीयांश पेटलेला. तुम्ही ब्रेक मारला की त्याला आधी वाटणार हा नेहमीचाच झोत आहे, दिवा विझायची वेळ टळून गेली तरी विझला नाही की मग कळणार, आणि ६० मैलांच्या वेगाला तेवढ्यात गाडी ३० फूट पुढे आलेली असते. इथल्या धो धो पावसात फ्रीवेवर लोक हॅझर्ड लावूनच हळूहळू चालवतात, आपल्याकडे घाटातल्या धुक्यात लावतात तसंच. पण भारतातल्या गाड्यांना मागे पिवळे इंडिकेटर वेगळे असतात त्यामुळे ब्रेक तरी वेगळा दिसतो, इथे जुन्या गाडीत तेही नाही. तिकडून आलेल्यांनी ही सवय जुन्या पिकअपमध्ये आणू नये, मनापासून सांगतोय. आणि शोल्डरला (रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात) थांबलात तर गाडी पार्कमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर हॅझर्ड लुकलुकणारच नाहीत आणि मागून येणाऱ्याला वाटेल ही गाडी लेनमध्ये चाललीये, जरा स्लो झालीये इतकंच.

म्हणून तिसरा दिवा. तो फक्त ब्रेकचं काम करतो, हॅझर्डशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत कार्सना १९८६ मॉडेलपासून आणि पिकअप-व्हॅनना १९९४ पासून तो सक्तीचा झाला, आणि सरकारी अभ्यासात मागून धडकण्याचे अपघात त्यामुळे ४.३ टक्के कमी झाल्याचं निघालं. आकडा छोटा वाटेल पण एवढ्याशा दिव्यासाठी मला तो खूप वाटतो. शिवाय एलईडी साध्या बल्बपेक्षा सुमारे ०.२ सेकंद आधी पूर्ण उजळतो, म्हणजे त्याच ६० मैलांना मागच्याला १७-१८ फूट जास्त मिळतात.

आता जोडणी, खरा मुद्दा हा. सोबतच्या कागदावर लिहिलंय की लाल वायर मागच्या ब्रेक लाईटच्या वायरला जोडा. वेगळ्या पिवळ्या इंडिकेटरच्या गाडीत ठीक आहे, पण आपल्यात तीच वायर इंडिकेटरची आणि हॅझर्डची पण आहे, तिला जोडलं तर तिसरा दिवा पण लुकलुकायला लागणार आणि मग पैसे घालून उपयोग शून्य. दोन्ही बाजूंना डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकून जोडलं तरी तेच होतं. करंट थेट ब्रेक पेडलच्या वरच्या स्विचवरून घ्या. माझ्या गाडीत तिथे नारिंगी वायर कायम चालू असते आणि पांढरी फक्त पेडल दाबल्यावर, पट्टीची लाल वायर त्या पांढरीला लावायची, पण जोडाच्या पुढे, पांढरी टर्न सिग्नल स्विचकडे जाते तिथे, ब्रेकचा करंट पेलणारा डायोड टाका, नाहीतर हॅझर्डचा करंट त्याच वायरने उलटा येऊन तिसरा दिवा पण लुकलुकतो. टेस्ट लाईटने खात्री करूनच कापाकापी करा, चाळीस वर्षांच्या गाडीत आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलंय सांगता येत नाही. वायर दाराच्या खालच्या पट्टीखालून मागे न्या आणि केबिनच्या कोपऱ्यातून वर. हॅझर्ड आणि ब्रेकचा फ्यूज एकच आहे पण पट्टी करंट अगदी कमी घेते, त्याची काळजी नको.

पट्टीमध्ये ब्रेक दाबल्यावर आधी चार-पाच वेळा फ्लॅश होऊन मग स्थिर पेटायचा मोड आहे, तो बंद ठेवा. नियमाने तिसरा दिवा स्थिर पेटणाराच लागतो, आणि आजूबाजूला हॅझर्ड लुकलुकत असताना अजून एक लुकलुकणारा कशाला.

सोबतचा चिकटपट्टीचा टेप इथल्या उन्हात टिकला नाही, एका कोपऱ्यातून सुटला. मी छतावर स्क्रू मारले नाहीत, भोकातून पाणी जाऊन गंज धरतो, त्याऐवजी चांगला ऑटोमोटिव्ह टेप आणून परत लावली, आता घट्ट आहे. उजेड मस्त, भर दुपारीही लांबून दिसते, पाणी आत गेलेलं नाही. किंमत ३० डॉलरच्या आत.

काही जण म्हणतील त्यापेक्षा मागचे बल्बच एलईडी करू. ते करायचं तर जुना तापणारा फ्लॅशर पण बदलावा लागतो, एलईडी एवढा कमी करंट घेतात की तो लुकलुकतच नाही, आणि एवढं करूनही ब्रेक-हॅझर्डचा घोळ तसाच राहतो कारण वायरिंग तेच. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी पट्टी.

टेक्सासमध्ये जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शन बंद झालंय, म्हणजे मागचे दिवे पेटतात का हे आता आपल्याशिवाय कोणी बघणार नाही. पट्टी लावल्यावर कोणाला तरी मागे उभं करा आणि हॅझर्ड चालू ठेवून ब्रेक दाबा. पेडल सोडलेलं असताना वरचा दिवा जरासुद्धा लुकलुकला तर वायर किंवा डायोड चुकीचा लागलाय.