शकुंतला परत आणायची तर कशी: ब्रॉडगेज पॅसेंजर की हेरिटेज गाडी?

कळवा, ऐरोली, घणसोली इकडे वऱ्हाडातली माणसं भरपूर आहेत आणि आमच्या गावाकडच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी तोच विषय निघतो, शकुंतला, म्हणजे आमच्याकडची बंद पडलेली छोटी रेल्वे. अर्धे म्हणतात ब्रॉडगेज करा, म्हणजे मेन लाईनसारखे रुंद रूळ टाका, अर्धे म्हणतात अरुंद रुळांची नॅरोगेजच राहू द्या, माथेरानसारखी चालवा, लोक बघायला येतील. निवेदनावर सही करायची वेळ आली की नेमकं कशावर करायची तेच कळत नाही. माझं माहेर याच लाईनवरचं अंजनगाव सुर्जी, त्यामुळे मी काही तटस्थ नाहीये. पण ठाण्यात राहून दोन्ही प्रकारच्या गाड्या आपल्याला जवळून दिसतात, एकीकडे उरणची लोकल, दुसरीकडे माथेरानची मिनी ट्रेन, तर त्यावरून ताडून बघता येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, ७६ किलोमीटर, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कापूस बाहेर काढायला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही लाईन टाकली, त्यासाठी १९१० साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, आणि नंतर देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यातून ही नेमकी सुटली, कंपनीचीच राहिली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत हिच्यावर धावत होतं, मग डिझेल आलं, आणि शेवटी रूळच इतके खराब झाले की दोन्ही फाटे बंद पडले.

आता ब्रॉडगेजची बाजू. अचलपूरला पोचायला शकुंतलेला चार-चार तास लागायचे, आणि तरी लोक बसायचे कारण तिकीट स्वस्त होतं. हे कारण आज उरलेलं नाही ते लक्षात घ्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर फुकट. माझ्या आईच्या वयाच्या बायका आता स्वस्ताईसाठी चार तास गाडीत बसणार नाहीत. त्यामुळे रोजची गाडी पाहिजे असेल तर ती एसटीपेक्षा लवकर पोचवणारी पाहिजे, आणि ते या जुन्या रुळांवर होणार नाही, ब्रॉडगेजच लागेल. दुसरं म्हणजे माल. नॅरोगेजला कापूस असो की संत्री, मुर्तिजापूरला उतरवून परत दुसऱ्या वॅगनमध्ये भरावं लागतं, हमाली डबल, वेळ डबल. ब्रॉडगेज झालं की अचलपूरला भरलेली वॅगन थेट मेन लाईनला लागते. संत्रा बागायतदाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

पण ब्रॉडगेज झालं म्हणजे सगळं झालं असंही नाही, आणि इथे उरणकडे बघा. ती जुनी लाईन नाही, नव्याने बांधलेली आहे, हे मान्य, पण धडा तोच आहे. नोव्हेंबर २०१८ ला खारकोपरपर्यंत गाडी सुरू झाली आणि तिथून उरण यायला जानेवारी २०२४ उजाडलं. मधले फक्त १४-१५ किलोमीटर! तेही सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, खर्चाचा ६७ टक्के वाटा उचललेला असताना. वऱ्हाडात सिडको नाही, म्हणजे राज्य सरकारने वाटा उचलल्याशिवाय गाडं पुढे सरकणार नाही. २०१६ साली रेल्वेने ब्रॉडगेजसाठी पंधराशे कोटींची घोषणा केली होती, तिचं पुढे काय झालं ते अचलपूरच्या स्टेशनवर जाऊन बघा. आणि उरणला गाडी आली तेव्हा दिवसाला ४० फेऱ्या होत्या, म्हणजे जाऊन-येऊन वीस. एक गाडी चुकली की लोक पुढची बघत बसत नाहीत, सरळ बस पकडतात. दिवसाला दोनच फेऱ्यांची ब्रॉडगेज मिळाली तर तिच्यात सकाळी बाजाराला जाणारा आणि संध्याकाळी परतणारा माणूस बसवता आला पाहिजे, नाहीतर ती कागदावरच चालू राहील.

हेरिटेजवाल्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण त्यांनी माथेरान नीट बघितलेलं नाही असं वाटतं. १९०७ साली सुरू झालेली लाईन, २१ किलोमीटर, अडीच तासांच्या आसपास प्रवास, घाट, झाडी, वळणं. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले आणि नेरळहून वरपर्यंत गाडी परत सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ आलं. म्हणजे मुंबईच्या इतक्या जवळ, इतकं नाव असलेल्या लाईनला तीन वर्षं लागली. आजही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्टेशन) बंदच असते, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालू राहते. का, तर माथेरानात मोटारगाड्यांना बंदी आहे, तिथल्या लोकांना आणि सामानाला ती शटल लागतेच. म्हणजे माथेरानची गाडी नुसत्या हौसेवर टिकलेली नाही, गरजेवर टिकलीये. दर्यापूर, अंजनगावला तशी गरज नॅरोगेजची नाहीये, रस्ता आहे, एसटी आहे, ऑटो आहेत.

शिवाय सपाट रान. मला ते रान फार आवडतं, कपाशी फुटली की दोन्ही बाजूला पांढरं दिसतं, पण मुंबईचा माणूस त्यासाठी ७६ किलोमीटर चार तास बसेल का, मला नाही वाटत. आणि ग्रुपवर एकाने लिहिलं होतं की माथेरानचे जास्तीचे डबे तिकडे न्या, तर ते होणार नाही, माथेरानचा रूळ दोन फुटी आहे, ६१० मिलिमीटर, आपला ७६२. डबे, इंजिनं मागायची तर आपल्याच गेजच्या लाईनकडून मागावी लागतील.

आणि तशी एक लाईन आपल्या जवळच आहे, गुजरातमधली बिलिमोरा–वघई. गेज तेच, ७६२. लांबी ६३ किलोमीटर, गायकवाड सरकारने डांगचं लाकूड आणायला टाकलेली. कोविडमध्ये बंद झाली, डिसेंबर २०२० ला रेल्वेने कायमची बंद करायचं पत्रच काढलं, लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबर २०२१ ला परत चालू झाली, आदिवासी पाड्यांवरच्या लोकांचे साधे डबे आणि पर्यटकांसाठी मोठ्या काचांचा एक एसी डबा, एकाच गाडीत. रोजचे प्रवासी आणि हौशी लोक एकत्र बसवता येतात याचा हा जिवंत पुरावा आहे. सही करण्याआधी एकदा जाऊन बसून या, वसई रोडला गाडी बदलली की बिलिमोरा फार लांब नाही. मात्र तिथेही फेरी दिवसाला मोजकीच, आणि आजूबाजूला जंगल आहे.

मध्य प्रदेशात पातालपाणी–कालाकुंडला केलं ते मला आपल्यासाठी जास्त जवळचं वाटतं. तिथली मीटरगेज (एक मीटर रुंदीचे रूळ) ब्रॉडगेज होणार होती, पण घाटाचा चढ जमत नसल्यामुळे नवी लाईन वेगळ्या वाटेने नेली आणि जुना साधारण दहा किलोमीटरचा तुकडा २०१८ च्या डिसेंबरमध्ये हेरिटेज गाडीसाठी ठेवला. अख्खी लाईन जपायचा हट्ट कुणी धरला नाही.

म्हणून माझं मत असं की दोन फाट्यांसाठी एकच मागणी करायची नाही. यवतमाळ आणि दारव्ह्याला वर्धा–यवतमाळ–नांदेडची ब्रॉडगेज येतेच आहे, कळंबपर्यंत फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी सुरूही झाली. त्या बाजूला उरतं ते कारंजा, आणि कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या दर्शनाला ठाण्यातून किती लोक जातात ते दत्तभक्तांना विचारा, आज मुर्तिजापूरला उतरून पुढे रस्त्यानेच जावं लागतं. तेव्हा मुर्तिजापूर–कारंजा–दारव्हा ब्रॉडगेजने जोडा, एवढंच मागा. अचलपूर फाटा पूर्ण ब्रॉडगेज पाहिजे, त्यात तडजोड नको. आणि नॅरोगेजचा फक्त एक छोटा तुकडा अचलपूरच्या बाजूला, जमल्यास पथ्रोटपर्यंत, ब्रॉडगेजच्या शेजारून. चिखलदऱ्याला जाणारे बहुतेक लोक अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यावरूनच जातात, त्यांचा एक तास काढायला तेवढा तुकडा पुरतो, आणि तेवढ्याची देखभाल परवडते. वाफेचं इंजिन पाहिजे असेल तर बॉयलर, माणसं, सुटे भाग याचा दरवर्षीचा खर्च कोण देणार ते नाव आधी लिहून घ्या, नाहीतर डिझेलवर समाधान माना.

कंपनीच्या मालकीचा प्रश्न दोन्ही पर्यायांत तसाच राहतो, म्हणून त्यावरून ग्रुपवर भांडण्यात अर्थ नाही.

निवेदनात ‘शकुंतला सुरू करा’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका, वेळा लिहायला सांगा. अमरावती एक्स्प्रेस रात्री ठाण्याहून निघून पहाटे मुर्तिजापूरला पोचते, तिच्यानंतर अर्ध्या तासात अचलपूरची गाडी सुटली पाहिजे, आणि संध्याकाळी अचलपूरहून निघालेली गाडी मुंबईकडच्या रात्रीच्या गाडीला मिळाली पाहिजे.