आडेल: एकच रेकॉर्ड घ्यायची तर '25' की '30'?

ब्रिटिश गायिका आडेलचे हे दोन्ही अल्बम मोठ्या खंडानंतरचे. '21' नंतर जवळजवळ पाच वर्षांनी, नोव्हेंबर 2015 मध्ये '25' आला. मग सहा वर्षांनी '30'. फोनवर दोन्ही ऐकून झालेत, आता रेकॉर्ड घ्यायचीय आणि पैसे एकीचेच आहेत, अशांसाठी हे.

विक्रीत '25' ला तोड नाही. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात 33 लाखांहून जास्त प्रती गेल्या, 2017 साली ग्रॅमीही मिळालं. अर्थात पहिले सात महिने तो स्ट्रीमिंगवर नव्हताच, ऐकायचा तर विकत घ्यावा लागे. '30' चा पहिला आठवडा त्या मानाने बराच लहान, पण समीक्षकांनी '30' लाच जास्त उचलून धरलं. मलाही तेच पटतं, पण माझं मत ठरलं ते एका कटकटीमुळे.

'25' म्हणजे 48 मिनिटं एकाच रेकॉर्डवर, बाजूला साधारण चोवीस. टर्नटेबलवर फेऱ्यांचा वेग कायम असतो, पण बाहेरच्या खाचेत सुई सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर पुढे सरकते आणि मधल्या कागदी लेबलजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो, आणि पहिला मार बसतो तो 'स'ला. बाजू लांब म्हणून '25' ची शेवटची गाणी अगदी आत सरकतात. 'ऑल आय आस्क' मध्ये तिने आवाज चढवला की 'स' फाटल्यासारखा, चरचरत येतो. मागोमाग 'स्वीटेस्ट डिव्होशन', भरगच्च वाद्यांचं, ते तर लेबलाला टेकूनच. एकदा हे कानात बसलं की दुसरं काही ऐकू येत नाही.

इलाज आहेत. गोल टोकाची सुई काढून लंबगोल किंवा मायक्रोलाइन (आणखी बारीक टोकाची) लावा. सुईचा दाब कार्ट्रिजसोबतच्या (सुई ज्यात बसते त्या भागासोबतच्या) कागदावर असेल तेवढाच ठेवा, बहुतेक ठिकाणी 1.8 ते 2 ग्रॅम. 'हलका बरा' म्हणून कमी केलात तर सुई खाचेत बसत नाही आणि चरचर वाढते. कार्ट्रिजचा कोन प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या मापपट्टीवर, तपासा. एवढं केल्यावर बराच फरक पडतो, पण माझ्या कानाला पूर्ण जात नाही.

'30' दोन रेकॉर्डवर आहे. 58 मिनिटं, चार बाजू, म्हणजे सरासरी बाजूला पंधराही नाहीत. 'टू बी लव्ड' बघा: फक्त पियानो आणि गळा, शेवटाकडे ती पूर्ण ताकदीने सुटते. त्यानंतर साडेसहा मिनिटांहून मोठं 'लव्ह इज अ गेम' आहे, त्यामुळे हा कठीण भाग लेबलपासून लांब राहतो आणि स्वच्छ वाजतो. शिवाय गाण्यांचा क्रम इथे अर्थाचा भाग आहे; तिच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं बटण काढलं होतं. रेकॉर्डवर तो प्रश्नच नाही.

तोटेही आहेत. किंमत जास्त, आणि अल्बमभरात तीनदा उठावं लागतं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत लाकडी तक्तपोशी असेल तर पावलागणिक सुई उडते. टर्नटेबल टेबलावर न ठेवता दगडी भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर ठेवा. 'माय लिटल लव्ह' मधले मुलाशी बोलतानाचे तुकडे काहींना नको होतात, तेही समजू शकतो.

घरात चारचौघांत लावायला, सगळ्यांनी सूर मिळवावा म्हणून हवी असेल तर 'हॅलो'वाली '25' घ्या, चुकणार नाही. एकट्याने बसून सलग ऐकणार असाल तर '30'.

कोणतीही घ्या, जुलै-ऑगस्टच्या आत आतला कागदी कव्हर बदलून अँटिस्टॅटिक प्लास्टिकचा घाला. आपल्याकडच्या पावसात कागद ओल धरतो, आणि बुरशीचे ठिपके खाचेत गेले की टकटक कायमची. उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. '30' घेतलीत तर आल्या दिवशीच दोन्ही रेकॉर्ड फिरवून बघा. दुसरी वाकडी निघाली तर परत करायची मुदत तोवर संपलेली नसते.