जादा गॅस झालेली घरची बिअर: फ्रिज की नवे झाकण?

बाटल्यांत गॅस जास्त झाला, तर त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात की झाकण सैल करून गॅस सोडावा, असा पेच पडतो. फ्रिजला कष्ट नाहीत. ४ अंशांच्या आसपास यीस्ट मंदावते आणि वायू बिअरमध्ये अधिक विरघळून दाब उतरतो, पण जादा गॅस आतच राहत असल्याने बाटली बाहेर ठेवताच ती फुटण्याचा धोका परततो. गॅस सोडणे किचकट आहे: गार बाटलीवर टॉवेल टाकून, संरक्षक चष्मा व हातमोजे घालून, ओपनरने झाकणाची कड किंचित उचलावी, फेस गळ्याशी येताच दाबून धरावी आणि अखेर नवे झाकण बसवावे. आंबणे अपुरे असेल, तर हा खटाटोप पुन्हा करावा लागतो. लवकर संपणाऱ्या मोजक्या बाटल्यांना फ्रिज पुरतो. महिनोन्‌महिने मुरवायच्या साठ्याला गॅस सोडणेच योग्य.